फाटकावरचं लाल फडकं

८ जानेवारी

डायरी लिहायची मला सवय नाही. सगळी नोकरी कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर गेली आणि तिथला पहिला नियम असा, की कानात आलेलं तोंडात येऊ द्यायचं नाही. मग कागदावर कुठून येणार? कारखाना दरवर्षी सगळ्यांना एकेक डायरी वाटायचा आणि मी ती कोरीच कपाटात टाकायचे. आता चळत साठली आहे. ही त्यातलीच एक, कुठल्या तरी जुन्या वर्षाची. वार चुकीचे आहेत, तारखा बरोबर आहेत. भागेल.

लिहायला बसले कारण काल मी नगराध्यक्ष झाले. लिहितानासुद्धा हसू येतंय.

आमचं गाव म्हणजे बाटल्यांच्या कारखान्याची वसाहत. सहा ओळी घरं, शाळा, दवाखाना, बेकरी, पाण्याची टाकी, सगळं कारखान्याचं. नळ कारखान्याचा, दिवा कारखान्याचा, कचरासुद्धा कारखान्याच्या गाडीतून जायचा. मागच्या वर्षी भट्टी विझली. मग कंपनीचं पत्र आलं, की घरं तुम्हाला दिली, बाकीचं आता तुमचं तुम्ही बघा. दोनच वाटा होत्या. एक तर नदीपलीकडच्या शहरात सामील व्हायचं, नाहीतर स्वतःची नगरपालिका काढायची. शहरानं तर आमच्या सहा ओळींच्या जागी गोदामांचा नकाशासुद्धा काढून ठेवलाय. म्हणजे सामील झालो की घरं गेलीच. लोकांनी नगरपालिका मागितली. सरकारनं एक वर्षाची तात्पुरती मान्यता दिली. वर्षाअखेर अधिकारी येणार, गाव स्वतःचं स्वतः चालवतंय का बघणार, आणि मग कायमचा निकाल.

अध्यक्ष मीच का, तर कात्रीमुळे. कात्री म्हणजे आमची टेलरबाई. हत्यार आणि जीभ दोन्ही धारदार, म्हणून हे नाव. ती भर सभेत म्हणाली, हिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि हिच्याशी भांडण कोणाचंच नाही. अध्यक्षाला आणखी काय लागतं? झाले हात वर.

घरी येऊन यांना सांगितलं. हे खिडकीशी बसले होते. म्हणाले, "चला, मोठा बोर्ड मिळाला तुला." मग बऱ्याच वेळानं, "लेकाला कळव."

लेकाला कळवलं. तो दूर राजधानीत असतो, आठव्या मजल्यावर. अभिनंदन केलं आणि लगेच नेहमीचं सुरू केलं, की आई, तुम्ही दोघं इकडे या. माझा त्याच्याशी करार ठरलाय. वर्षाअखेर गाव टिकलं तर आम्ही इथेच राहणार. नाही टिकलं तर गुपचूप त्याच्याकडे जाणार. आठव्या मजल्यावर मी काय करू? मला खाली वाकून जमीन दिसायला हवी.

२१ जानेवारी

नगरपालिकेचं ऑफिस म्हणून कारखान्याची टाइम-ऑफिसची खोली मिळाली. हजेरीच्या कार्डांची लाकडी खोकी अजून भिंतीवर आहेत. यांच्या नावाच्या खोक्यात कोळ्यानं घर केलंय. झाडताना तेवढं मी तसंच ठेवलं.

सदस्य आम्ही पाच, त्यातले बोलणारे दोनच: कात्री आणि बेकरीवाला. बेकरीवाला बोलतो खूप, पण पहाटे तीनला उठतो म्हणून संध्याकाळच्या बैठकीत मध्येच डोळा लागतो. मग कात्रीचं काम सोपं होतं.

आज सकाळी ऑफिसला जाताना मोजली नाहीत, पण निम्म्या फाटकांवर लाल फडकी लागलेली दिसली. लोक अजून वाट बघताहेत.

ही आमच्या वसाहतीची जुनी पद्धत. घरात काही बिघडलं, नळ गळला, दार अडलं, दिवा गेला, की फाटकाला लाल फडकं बांधायचं. कुठे जायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. दुपारच्या आत दुरुस्ती खात्याचा माणूस दारात. आणि फडकं बांधणाऱ्यानं ते स्वतः सोडायचं नसतं. काम झालं की दुरुस्त करणाराच ते सोडणार, घडी घालणार आणि घरच्या माणसाच्या हातात देणार. फडकं हातात आलं म्हणजे काम झालं.

हे त्या खात्याचे फोरमन. मी इथे नवी आले तेव्हा बोर्डावरच्या मुलींसाठी खोल्या होत्या, त्यातली एक मला मिळाली. खिडकी उघडेना. शेजारणीनं सांगितलं म्हणून लाल ओढणीचा तुकडा फाडून फाटकाला बांधला. दुपारी एक उंच, हडकुळा माणूस खाकी पिशवी घेऊन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दारात उभा राहून विचारलं, "काय म्हणतंय घर?" मी म्हटलं, घर काही म्हणत नाही, खिडकी उघडत नाही. हसला. खिडकी उघडून दिली, कपड्याची घडी घातली आणि हातात ठेवली. पुढच्या महिन्यात माझ्या खोलीत बिघाड जरा जास्तच व्हायला लागले. बोर्डावरच्या मुली चिडवायच्या, की अगं, तुझ्या खोलीला वास्तुदोष आहे.

प्रत्येक दारात यांचं तेच वाक्य असायचं. काय म्हणतंय घर. पोरं यांच्या मागे नक्कल करत फिरायची.

२ फेब्रुवारी

आज यांनी विचारलं. जेवताना, मान वर न करता. "टाकीचा व्हॉल्व्ह मी बघून येऊ का? पाचव्या ओळीला दाब कमी पडतोय म्हणतात."

मी स्पष्ट सांगितलं, अहो, तुम्ही नको. लोक काय म्हणतील? बाई अध्यक्ष झाली आणि पहिल्या महिन्यात नवऱ्याला चिकटवलं. शिवाय आपण शहरातला कंत्राटदार नेमलाय, रीतसर कागद करून. कोणीही हत्याराला हात लावायचा तर ठराव हवा. मी नियमानं चालणार, घरापासून सुरुवात करणार.

हे म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

माझं मन हलकं झालं. दुसरी एखादी असती तर नवऱ्याची नाराजी ओढवून घेतली असती. यांचं मन मोठं आहे. संध्याकाळी यांनी खाकी पिशवीतली सगळी हत्यारं काढून तेल लावून पुसली आणि पिशवी माळ्यावर टाकली. मीच कधीपासून मागे लागले होते, खुंटीवर बरी दिसत नाही म्हणून.

१७ फेब्रुवारी

ठराव क्रमांक एक मंजूर. फाटकावर फडकं लावायची पद्धत बंद. इथून पुढे तक्रार लेखी द्यायची, नाव, ओळ, घर लिहून, ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकायची. सरकारी पुस्तिकेत तसंच आहे. शिवाय बाहेरचा माणूस गावात आला की त्याला काय दिसतं? लाल चिंध्या. बेकरीवाला म्हणाला, लग्नघर आहे की दंगल, कळत नाही.

कात्री एकटी म्हणाली, "फडकी काढाल, पण लोक लिहितील का?" मी म्हटलं, शाळा इतकी वर्षं कशासाठी चालवली? ती गप्प बसली. कात्री गप्प बसली म्हणून मला फार बरं वाटलं.

पेटी सुताराकडून करवून घेतली. वर काच आहे, आमच्याच कारखान्याची, जराशी हिरवट. गावातल्या सगळ्या खिडक्यांना तीच काच आहे. लहानपणी लेक म्हणायचा, आई, आपल्याकडे पाऊस हिरवा पडतो.

९ मार्च

एकही तक्रार नाही. फडकीही सगळी निघाली. मला वाटलं होतं, पालथ्या घड्यावर पाणी होणार. पण नाही, लोक शहाणे आहेत, आपणच त्यांना कमी लेखतो.

आमच्याच फाटकावर मात्र आज एक लाल फडकं दिसलं. हे हल्ली जुन्या सायकलीशी खटपट करत असतात, हात पुसून वाळत घातलं असणार. अध्यक्षाच्याच घरी ठरावाला हरताळ! काढलं, धुतलं, दोरीवर टाकलं. यांना म्हटलं, अहो, तेवढं लक्ष ठेवा, लोक बघतात.

३० मार्च

कंत्राटदार दोनदा बोलावून एकदा आला. आला तेव्हा चहा पिऊन टाकीकडे बघून गेला. म्हणाला, पाइप जुने आहेत. अरे, ते आम्हालाही माहीत आहे.

तिसऱ्या ओळीतली म्हातारी आजी दोन कळशा घेऊन दुसऱ्या ओळीत पाण्याला येताना दिसली. मी विचारलं, आजी, नळाला पाणी नाही का? म्हणाली, "आहे की, बाळा. हा आपला व्यायाम." या वयात काय हौस! तिचं कौतुक वाटलं.

परत फाटकावर फडकं. परत काढलं.

२६ एप्रिल

रविवार, म्हणजे लेकाचा फोन. आधी सूनबाई बोलली, मग तो. म्हणाला, "आई, बाबा हल्ली फोनवर फक्त हं म्हणतात." मी म्हटलं, तुझे बाबा कधी भाषणं ठोकत होते? तो म्हणाला, तसं नाही, पूर्वी ते मला विचारायचे, काय म्हणतंय घर. आता विचारत नाहीत.

आठव्या मजल्यावरच्या घराचं काय विचारायचं, असं मी म्हटलं. तो हसला नाही. म्हणाला, मी येऊन बाबांना तरी घेऊन जातो. मी ठणकावून सांगितलं, आपला करार वर्षाअखेरचा आहे.

११ जून

संध्याकाळी ऑफिसची खिडकी उघडी ठेवून बसले होते. पूर्वी या वेळेला दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा. भोंगा झाला की सहाही ओळींमधून सायकली निघायच्या आणि दुसरीकडून तेवढ्याच परत यायच्या, आणि फाटकापाशी दोन्ही लोंढ्यांची गाठ पडायची. बोर्डावर त्या वेळी एकही फोन येत नसे. सगळं गाव रस्त्यावर असताना फोन कोण कोणाला करणार? आम्ही मुली गच्चीवर जाऊन भट्टीचा उजेड बघायचो. त्या उजेडात सगळ्यांची तोंडं तांबूस दिसायची आणि बरी दिसायची. मला ते दिवस फार आठवतात. इतके की कधीकधी जीव कासावीस होतो.

सगळंच गोड होतं असंही नाही. एक मॅनेजरीणबाई होती. तिला फडकं बांधणं कमीपणाचं वाटायचं. नळ ठिबकतो म्हणून तिनं थेट वरच्या ऑफिसला लेखी तक्रार केली. यांच्या हाताखालचा एक गरीब फिटर होता, त्याचं नाव त्यात आलं आणि त्याला दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. बायको-पोरांसह गाव सोडून गेला. हे त्या रात्री जेवले नाहीत. त्यानंतर वसाहतीत कोणीही कधीही कागदावर तक्रार लिहिली नाही. पोरांना शिकवलं जायचं, काय हवं ते तोंडानं बोला, पण कोणाबद्दल लिहू नका, लिहिलं की माणूस जातो. एवढी माया होती लोकांत.

पेटी आजही रिकामीच. वरच्या काचेवर धूळ बसली होती, ती पुसली.

४ जुलै

रस्त्यावरचे दिवे चार ओळींत बंद आहेत. मला कात्रीनं सांगितलं तेव्हा कळलं, कारण आमच्या ओळीचे चालू आहेत. मी म्हटलं, मग कोणी लिहिलं का नाही? ती म्हणाली, "तू विचार कर." हिचं हे असं. सरळ बोलेल तर कात्री कसली.

कंत्राटदाराला पत्र धाडलं. त्याच्या ऑफिसातून उलट फोन आला, की तक्रारींच्या प्रती पाठवा. कुठून पाठवू? तक्रारच नाही.

यांनी आज माझी वाट बघितली असं वाटलं. मी घरी आले तेव्हा हे फाटकाशीच उभे होते, हातात काही नाही, नुसते. मी म्हटलं, ऊन लागेल, आत चला. फडकं होतंच. काढता काढता मी म्हटलं, तुमच्या या फडक्यानं मला वीट आणला. हे माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले.

१९ ऑगस्ट

लिहायला सवड नाही. शहराचे लोक येऊन पाचव्या ओळीच्या मागे खुंट्या ठोकून गेले, आम्हाला न विचारता. गोदामाची हद्द म्हणे. बेकरीवाल्यानं पहाटे जाऊन त्या उपटल्या आणि भट्टीत घातल्या. ठरावाशिवाय. मी पाहिलं नाही असं ठरवलं. त्या दिवशीचा पाव मात्र छान भाजला होता.

२ ऑक्टोबर

यांचं वजन उतरलंय. डॉक्टर म्हणाले, रक्त बरं, छाती बरी, काही नाही. घरात कोण असतं बरोबर? मी म्हटलं, मी असते की. मग आठवलं, की मी सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. डॉक्टरांना ते सांगितलं नाही.

हे बाहेर पडत नाहीत. गावातून चालत गेले की दोन्ही बाजूंना यांना काय काय दिसत असेल, ते आज मला वाटून गेलं. ठिबकणारे नळ, अडलेली दारं. आणि हात खिशात. पण नियम म्हणजे नियम. मी एकदा सूट दिली की संपलंच. वर्ष काढायचंय, बस.

१४ डिसेंबर

अधिकारी आले. तरुण आहेत, शांत आहेत, बूट मात्र चिखलात घालायचे नाहीत. सकाळपासून गावात फिरले. आम्ही ऑफिस झाडून ठेवलं होतं, ठराव क्रमानं लावले होते. मला वाटलं, गड आला.

दुपारी त्यांनी पेटी उघडायला सांगितली. मी अभिमानानं म्हटलं, साहेब, वर्षभरात एकही तक्रार नाही.

ते काही वेळ पेटीत बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, पाचव्या ओळीत नळाला पाणी नाही. चार ओळींत रस्त्यावर अंधार आहे. आणि त्याबद्दल तुमच्याकडे एका ओळीचं लिखाण नाही. म्हणजे लोक तुम्हाला घाबरतात, किंवा तुमच्याकडून त्यांची काही अपेक्षाच नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्याला नगरपालिका म्हणत नाहीत." त्यांनी ते रागानं सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं. उद्या सकाळी परत एक चक्कर मारून निकाल लिहिणार आहेत.

ते गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. गोदामं डोळ्यांसमोर आली, आठवा मजला आला. बेकरीवाला जागा होता आणि तरी गप्प होता. तेव्हा कात्री बोलली. म्हणाली, अगं, तुला खरंच कळलं नाही? लिहिलं की माणूस जातो, हे आपणच पोरांना शिकवलं. या गावात आता लिहून कोण जाणार? कंत्राटदार? तो इथला नाहीच. जाणार ती तू. तुझी खुर्ची जाईल म्हणून म्हातारी कळशा वाहत राहिली, पण कोणी अक्षर लिहिलं नाही.

मी रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर, अध्यक्षाच्या खुर्चीत. घाबरत नव्हते लोक, अपेक्षा नव्हती असंही नव्हतं. वर्षभर मला सांभाळत होते, आणि मी त्यांना शहाणे म्हणून प्रशस्तिपत्र देत होते.

बेकरीवाला म्हणाला, पहाटे पाव घेऊन मी दारोदार जातोच. काय निरोप द्यायचा तेवढं सांगा. मी म्हटलं, खरंच बिघडलेलं असेल त्यांनी फडकं लावा म्हणावं. खोटं एकही नको.

निघताना कात्रीनं मला थांबवलं. "आणि तुझ्या फाटकाचं काय करणार?"

मी म्हटलं, ते यांचं हात पुसायचं फडकं गं.

"ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाटकावरची फडकी सोडली, तो माणूस आपल्या फाटकावर हात पुसायचं फडकं वाळत घालेल? मी मुद्दाम बघत होते, तुला कधी दिसतंय. तू दर वेळी ते काढून आत नेलंस. काम न करता काढलंस." मग जरा मऊपणानं म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जा घरी."

घरी कशी आले आठवत नाही. ओळीत दिवेलागण झाली होती. फाटकावर फडकं होतं. मार्चपासून मी ते किती वेळा ओरबाडून काढलं असेल. आज हात लावला नाही. ते ओढणीच्या कापडाचं होतं, धुऊन धुऊन विटलेलं, कडेला माझ्याच हातची टीप. त्या खिडकीच्या वेळचं. माझ्या हातात परत दिलेलं ते यांनी कधी घेतलं आणि इतकी वर्षं कुठे जपलं होतं, मला माहीत नाही, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं धूत राहिले.

किल्ली पर्समध्ये होती, तरी मी दार वाजवलं. यांनी उघडलं. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले आणि विचारलं,

"काय म्हणतंय घर?"

यांनी आधी फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, उशीर झाला, आता बोलणारच नाहीत. मग म्हणाले, "घराचं बरं आहे. माणूस बंद पडलाय."

मी आत आले. काय काय बोललो ते लिहिणार नाही. बोर्डावरचा नियम.

१५ डिसेंबर

उजाडताच यांनी माळ्यावरून पिशवी काढली. मी शिडी धरली. म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांचं मी बघते, तुम्ही नळांचं बघा.

बाहेर आलो तर ओळीच्या ओळी लाल झाल्या होत्या. उशांचे अभ्रे, जुने परकर, शाळेच्या झेंड्याचा तुकडा, काही काही तर पूर्वीचीच, घडीच्या खुणा तशाच राहिलेली. लोकांनी ती टाकली नव्हती, जपून ठेवली होती. इतकं बिघडलंय हे बघून लाज वाटली. आणि एवढ्या जणांना आपल्याकडून काही हवंय, हे बघून काय वाटलं ते सांगता येणार नाही.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, साहेब, या आमच्या तक्रारी. पेटी आमची नव्हती, या आमच्या आहेत. पद्धत समजावून सांगितली. पहिला ठराव चुकला, तो मीच मांडला होता, हेही सांगितलं.

ते पुढे चालायला लागले. तिसऱ्या ओळीत आजीच्या दारात हे पोचलेलेच होते. ऐकू आलं, "काय म्हणतंय घर?" आणि आजीनं वर्षभराचं सगळं पोटातलं ओतायला सुरुवात केली: नळ, पाइप, मोरी, अंधार, आणि हो, ती तुझी बायको, मी व्यायाम म्हटलं तर खरंच मानून बसते! अधिकारी कुंपणाशी थांबून ऐकत राहिले. यांनी नळ सोडला, वायसर बदलला, पाणी आलं. थोडंच आलं, पण आलं. यांनी फडक्याची घडी घातली आणि आजीच्या हातात दिली. आजीनं यांच्या तोंडावरून हात फिरवला.

अधिकारी म्हणाले, "रीतसर नोंद ठेवा याची. कशी ठेवायची ते मी सांगतो." आणि बुटांसकट चिखलातून पाचव्या ओळीकडे गेले.

२८ डिसेंबर

कायमची मान्यता आली. लेकाला कळवलं. तो म्हणाला, बाबांना दे. यांनी फोन घेतला आणि आधी विचारलं, "काय म्हणतंय घर?" मग लेक भडाभडा बोलायला लागला, दार करकरतंय, पोरगं ऐकत नाही, ऑफिसात वैताग आहे. हे नुसते हं हं म्हणत होते. पण ते हं वेगळं होतं.

७ जानेवारी

बैठक झाली. ठराव क्रमांक एक रद्द. दुरुस्ती खातं परत सुरू. यांचं नाव कात्रीनं मांडलं. मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले, नियम म्हणजे नियम. आतून आवाज आला, बाई, या आत, एकमतानं झालं, बेकरीवालासुद्धा जागा आहे. हजेरीच्या खोक्यातलं कोळ्याचं घर यांनी स्वतः काढलं, हलक्या हातानं, आणि कोळ्याला खिडकीबाहेर सोडलं.

२२ जानेवारी

आज बैठक नव्हती. लवकर घरी आले, दोघांपुरतं गरम केलं आणि वाट बघत बसले. हे सहाव्या ओळीत कोणाच्या तरी मोरीत अडकले आहेत म्हणे. अंधार पडला, दिवे लागले, सहाही ओळींत लागले, आणि यांचा पत्ता नाही. कपाटातून ते विटलेलं ओढणीचं फडकं काढलं आणि फाटकाला बांधून आले. बघू किती वेळात येतात.